तिसरा रकाना

'कसे आहात?' असं विचारलं की माणूस 'मजेत' म्हणतो आणि आपण सुटतो. विचारणाऱ्यालाही तेच हवं असतं, सांगणाऱ्यालाही. आमच्या काकाजींना मात्र ही सोय मान्य नव्हती. "मजेत म्हंजे? काल काय केलं थे सांग," असं ते विचारायचे, आणि समोरचा बिचारा खरंच आठवायला लागायचा. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, कुणाच्या मयतीलासुद्धा. अमरावतीच्या राजकमल चौकात त्यांना लांबून पाहून रस्ता बदलणारी दोन-चार माणसं तर मीच ओळखते. त्यात एक मीही होते.

काकाजी म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे संगणक-देखभालीचे बाबू. संस्था मोठी. मुख्य कार्यालय अमरावतीला, आणि शाळा भातकुली, तिवसा, अकोल्याकडची गावं, वर पार सेमाडोहपर्यंत पसरलेल्या. काकाजींनी सुरुवात केली ती टाइपरायटर दुरुस्त करण्यापासून. टाइपरायटर गेले, संगणक आले, काकाजी तिथंच. रीतसर निवृत्त होऊनही वर्षं झाली होती, पण अकरा-अकरा महिन्यांच्या मुदतवाढीवर ते रोज अकोल्याहून अप-डाऊन करत. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला. "घरी बसून काय करू वं? भिंतीले हालहवाल इचारू?" असं ते मला म्हणाले होते. पुढच्या मुदतवाढीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून एवढं एकच वाक्य यायचं, आणि ते गंमत करत नव्हते.

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रंगाऱ्याचा अर्धा इंची ब्रश. कळफलकातली धूळ काढायला. कुठल्याही खोलीत शिरले की आधी माणसांना नमस्कार नाही, आधी संगणकाच्या डब्यावर उलटा हात, लेकराचा ताप पाहतात तसा. शाळांमधल्या जुन्या संगणकांना त्यांनी नात्यातली नावं दिली होती. भातकुलीची 'मोठी आत्या' सुरू व्हायला अर्धा तास घ्यायची आणि मग दिवसभर बोलायची. तिवश्याचा 'साळा' जे दिलं ते घेऊन ठेवायचा, परत द्यायचा नाही. आमच्या कार्यालयातल्या मुख्य संगणकाला ते 'सासरे' म्हणत आणि त्याच्याकडे पाठ करून कधी बसत नसत.

आणि रजिस्टर. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं, वर 'हालहवाल' असं लिहिलेलं. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी काकाजी फोन घेऊन बसत आणि एकेका शाळेला लावत. रजिस्टरला तीन रकाने. पहिल्यात शाळा, दुसऱ्यात कोण बोललं, आणि तिसरा, पानाचा अर्धा भाग खाणारा, 'काल काय केलं त्याच्यावर?' पलीकडून कुणी 'चालू हाये' म्हणालं की काकाजी ते लिहूनच घेत नसत. "चालू त बंद घरातला लाइटही रायते बाप्पा. त्याच्यावर काय काम केलं थे बोल." मग पलीकडचा सांगे, की दाखले काढले, पोट्ट्यांची हजेरी भरली, गुरुजीच्या पोरीची पत्रिका छापली. काकाजी सगळं लिहीत. पत्रिकासुद्धा.

त्यांचा एक नियम होता. एखाद्या शाळेकडून तीन दिवस सारखं 'काही नाही' आलं, तर आपण सोता जायचं. मग फोन नाही, पत्र नाही. एकदा सेमाडोहकडून असं तीन दिवस 'काही नाही' आलं आणि काकाजी घाटातली एसटी पकडून गेले. संगणक टणटणीत होता. शाळेचा बाबूच तापानं फणफणला होता, आणि फोन उचलून 'काही नाही' म्हणण्यापुरतं बळ तेवढं शिल्लक होतं. काकाजींनी त्याला जीपमध्ये घालून परतवाड्याच्या दवाखान्यात नेलं. ही गोष्ट मला त्या बाबूनंच सांगितली. काकाजींच्या रजिस्टरात त्या तारखेला फक्त एवढंच होतं: 'सेमाडोह. मशीन बरी. बाबू बिमार.'

आता अशा संस्थेत मी आले. अकोल्याचीच पोरगी, पण पुण्यात चार वर्षं शिकून आलेली, म्हणजे शहाणपण उतू चाललेलं. रोज बावीस फोन करणारा एक म्हातारा पाहून मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. महिन्याभरात मी सगळ्या शाळांच्या आणि आमच्या कार्यालयाच्या संगणकांत एक छोटा प्रोग्राम बसवला. शाळेच्या वेळात दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक संगणक आपणहून अमरावतीला कळवणार: मी चालू आहे, विषाणू नाही, जागा शिल्लक आहे, अंग तापलेलं नाही. सगळं ठीक असेल तर हिरवा ठिपका, कुरबुर असेल तर पिवळा, बंद पडला किंवा बिघडला की लाल. नात्यातली नावं काढून मी नंबर दिले. मोठी आत्या 'भातकुली-०१' झाली. काकाजींनी नंबरांची यादी बराच वेळ पाहिली. "तिवसा तीन म्हंजे कोन वं?" "साळा," मी म्हणाले. "मंग साळा म्हन ना. नंबर त कैद्याले देतेत."

आमच्या सचिवसाहेबांना मात्र ते ठिपके असे आवडले की विचारू नका. त्यांनी आपल्या केबिनमध्ये भिंतभर टीव्ही लावून घेतला आणि त्यावर दिवसभर ठिपके. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी ठिपके. "एका नजरेत पूर्ण संस्था!" असं म्हणून ते हात असा फिरवत, जणू स्वतःच्या शेतातला कापूस दाखवताहेत. मी बाजूला उभी राहून नम्र दिसायचा प्रयत्न करत असे. जमत नसे.

पहिल्या आठवड्यात निम्मे ठिपके लाल. सचिवसाहेबांनी परिपत्रक काढलं की ज्या शाळेचा ठिपका लाल किंवा पिवळा होईल, तिच्या मुख्याध्यापकानं त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा द्यावा. आणि वर्षभर हिरव्या राहणाऱ्या शाळेला गॅदरिंगमध्ये फिरता चषक. खुलासे यायला लागले. 'लाइन गेली होती.' 'उंदराने वायर कुरतडली, उंदीर सापडला नाही.' 'एका विद्यार्थ्याने काहीतरी दाबले, विद्यार्थ्यास समज दिली आहे.' काकाजी ते खुलासे मोठ्यानं वाचायचे आणि खूष व्हायचे. "पाह्य, काम करून राहिले लोकं."

मग हळूहळू लाल कमी झाले. पिवळे गेले. दोन महिन्यांत भिंतीवर हिरवंगार शिवार. तिवसा तर पहिल्या नंबरवर, नऊच्या नऊ संगणक, एक दिवस डाग नाही. सचिवसाहेबांनी माझी पाठ थोपटली, मीही मनातल्या मनात थोपटून घेतली. आणि एका चहाला ते सहज म्हणाले, "मॅडम, आता हे आपोआप होऊन राहिलं त काकाजी नेमकं कशासाठी आहेत?" मी हसले. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं, काय सांगू.

पंधरा दिवसांनी समितीची सभा होती. तिच्यात दोन विषय: काकाजींची मुदतवाढ, आणि माझी नोकरी कायम करणं.

काकाजींना या सगळ्याचं काही नव्हतं. ते दहा वाजून दहा मिनिटांनी फोन करतच होते. एक दिवस त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "पाह्य वं." तिवश्याच्या रकान्यात एकाखाली एक: काही नाही. काही नाही. काही नाही. "अहो काकाजी, नऊ मशीन हिरव्या आहेत," मी म्हणाले. "हिरव्या असतीन. पन करून काय राहिल्या?" "सुट्ट्या असतील." "फेब्रुवारीत? बारावीच्या तोंडावर?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "चाल," ते म्हणाले, "तीन दिवस झाले. नियम हाये."

आम्ही नागपूरच्या एसटीनं तिवश्याला उतरलो. काकाजींनी स्टँडवर आधी गिला वडा खाल्ला आणि वडेवाल्याला त्यानं काल काय केलं ते विचारलं. मग शाळेत गेलो. मुख्याध्यापक आम्हाला पाहून असे उभे राहिले की खुर्चीच मागं पडली. "संगणक खोली दाखवा," मी म्हणाले. "आहे ना मॅडम, एकदम ओके आहे, ठिपका पाह्यला असेल तुम्ही," असं म्हणत त्यांनी कमरेच्या जुडग्यातली चावी काढली. खोलीला दोन कुलपं होती.

आत नऊ संगणक चालू होते. प्रत्येकावर जाड पारदर्शक प्लास्टिक, शिवून घेतलेलं, कडेला नाडी. दसऱ्याच्या हळदीकुंकवाची बोटं अजून तशीच. खोलीत चपलेचा एक ठसा नाही. पोरांना आत यायला बंदी होती, कारण पोरांनी हात लावला की काहीतरी बिघडतं, बिघडलं की पिवळं होतं आणि पिवळं झालं की पाचपर्यंत खुलासा द्यावा लागतो. शाळेचं सगळं संगणकाचं काम बाबू समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून आणत होता. दाखले, हजेरी, परीक्षेचे अर्ज, सगळं. काकाजींना फोनवर इतके दिवस तो हेच काम सांगत होता; झेरॉक्सवाल्याचं दुकान तीन दिवस बंद, म्हणून 'काही नाही'. आणि सकाळी शाळा भरली की मुख्याध्यापक स्वतः येऊन नऊ बटणं दाबत, संध्याकाळी नऊ बटणं बंद करत, मध्ये दोन कुलपं.

"मंग पोट्टे कम्प्युटर कशावर शिकतेत?" काकाजींनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी शेजारच्या वर्गाकडे बोट केलं. फळ्यावर बाईंनी खडूनं अख्खा कळफलक काढलेला, अक्षरं, आकडे, लांब पट्टी सगळं व्यवस्थित, आणि एक मुलगी फळ्यापुढं उभी राहून दोन्ही हातांनी आपलं नाव टाइप करत होती. बाकीचा वर्ग मोठ्यानं अक्षरं सांगत होता. नाव पूर्ण झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता एन्टर," आणि मुलीनं फळ्यावर धप्पकन हात मारला. खडूची भुकटी उडाली. माय वो, मला आधी हसू आलं, आणि मग आलेलं हसू कुठं ठेवावं ते कळेना. हा फळा माझ्या ठिपक्यांनी काढला होता.

काकाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी सगळा वर्ग उठवला, संगणक खोलीत आणला, नाड्या सोडल्या, प्लास्टिकं काढली आणि एकेका मशीनपुढं चार-चार पोट्टे बसवले. मुख्याध्यापक दारात हात जोडून उभे. "काकाजी, चषक आहे हो, चार दिवसांवर गॅदरिंग आहे..." पोरं तुटून पडली. वीस मिनिटांत माझा मोबाइल वाजला, तिवसा-०५ पिवळा. मग ०२ पिवळा. मग साळा, म्हणजे ०३, चक्क लाल. काकाजींनी त्याच्या डब्यावर उलटा हात ठेवला आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मी तसा तो कधी पाहिला नव्हता. "आता आली जित्ती! बिमार पडते, थेच जित्तं असते वं."

"पन खुलासा कोन लिवीन?" मुख्याध्यापक रडकुंडीला आले होते. काकाजींनी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिला, सही केली आणि माझ्या हातात दिला. 'संगणक वापरण्यात आल्यामुळे लाल झाला. सबब माफी असावी.'

परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून म्हणाले, "तू सांगजो सभेत. तुयं ऐकतीन ते. माया त रजिस्टरले हसतेत." मी "हो" म्हणाले. तेव्हा मनापासून म्हणाले होते, हे आजही शपथेवर सांगते.

सभेच्या दिवशी काकाजी बाहेर बाकावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात ब्रश. आत सचिवसाहेबांनी भिंतीवर तिवश्याचा इतिहास लावला होता. महिनोन्‌महिने हिरवं, हिरवं, हिरवं, आणि एका दुपारी अचानक पिवळं-लाल. "हा दिवस पाहा," ते समितीला म्हणाले. "या दिवशी शाळेत कोण गेलं होतं? काकाजी. कधी नव्हे ते बिघाड झाला कोणाच्या हातानं? स्क्रीनवर स्पष्ट आहे. आणि वरून हा खुलासा पाहा, थट्टा करतात संस्थेची." खुलासा टेबलावरून फिरला. दोघं-तिघं हसले. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सोबत होत्या. स्पष्ट सांगा. काकाजींचं काम आता मशीन करते की नाही?"

फळा डोळ्यांपुढं होता. मुलीचा हात, भुकटी, सगळं. आणि विषयपत्रिकेवरचा पुढचा विषयही होता, माझ्या नावाचा.

"हो सर," मी म्हणाले. "बहुतेक करते."

'बहुतेक' हा शब्द मी माझ्या मनाच्या समाधानासाठी घातला होता. इतिवृत्तात तो आला नाही.

बाहेर आले तर काकाजी उभे राहिले. "तिवश्याचं सांगितलं?" "वेळच नाही मिळाला, काकाजी." ते मान हलवून म्हणाले, "हाव. सभा लहान असते." त्यांनी खिशातला ब्रश काढून माझ्या टेबलावर ठेवला, शेजारी रजिस्टर ठेवलं. "तिसरा रकाना भरत जाजो." चार वाजताच्या गाडीनं ते गेले. मी कायम झाले. गॅदरिंगमध्ये चषक तिवश्यालाच मिळाला. तो एक दिवस सोडला तर रेकॉर्ड उत्तम आहे, असं सचिवसाहेब म्हणाले, आणि नियमही त्यांचाच होता.

काकाजी जाताना आपला संगणक बंद करायचं विसरले होते की मुद्दाम चालू ठेवून गेले, मला माहीत नाही. पण तो चालूच राहिला. शिपाई समोरच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ झटकायचा, भिंतीवर काकाजींचा ठिपका हिरवा. दोन महिने. "पाहा, कुठं काही अडलं का?" सचिवसाहेब विचारत, आणि खरंच कुठं काही अडलेलं दिसत नव्हतं. रजिस्टर माझ्या खणात होतं. एक रकाना भरला नाही मी.

एका सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. का ते सांगता येणार नाही, पण मी रजिस्टर काढलं आणि अकोल्याला फोन लावला.

"काकाजी, कसे आहात?"

"चालू हाये."

हा माणूस. आयुष्यभर हा शब्द ज्यानं रजिस्टरात लिहून घेतला नाही, तो मला हा शब्द देत होता. मी त्यांचाच प्रश्न विचारला. "काल काय केलं?"

पलीकडं पंख्याचा आवाज. "काही नाही."

मंगळवारी पुन्हा लावला. चालू हाये. काही नाही. बुधवारी लावला. आवाज आणखी खाली गेलेला. काही नाही.

मी रजिस्टरच्या तळाशी नवी ओळ आखली. पहिल्या रकान्यात 'अकोला' लिहिलं, दुसऱ्यात 'काकाजी', तिसऱ्यात एकाखाली एक तीन वेळा तेच. मग बसून तिवश्याचं सगळं लिहून काढलं. कुलपं, प्लास्टिकची नाडी, झेरॉक्सवाला, फळा, आणि सभेत मी काय बोलले नाही तेही. खाली सही केली, सचिवसाहेबांना आणि समितीतल्या सगळ्यांना पाठवलं. लगेच उत्तर आलं: 'आपला अहवाल प्राप्त झाला. धन्यवाद.' तेही मीच बसवलेल्या आणखी एका प्रोग्रामनं आपोआप पाठवलं होतं. मी पर्स उचलली. माझा संगणक चालूच ठेवला, म्हणजे भिंतीवर मी दिवसभर हिरवी दिसणार होते, आणि कुणी विचारणार नव्हतं.

अकोल्याला त्यांच्या दाराची कडी वाजवली तेव्हा अडीच वाजून गेले असतील. काकाजींनीच दार उघडलं. दाढी वाढलेली, बनियनवर, खांद्यावर टॉवेल. हाडंच दिसत होती. "काहून वं? आज हापीस नाही?"

"तीन दिवस 'काही नाही' आलं," मी म्हणाले. "नियम आहे."

ते दारातच उभे राहिले. मी रजिस्टर आणि अहवालाची छापील प्रत पुढं केली. त्यांनी चष्मा शोधला, तिथंच उंबऱ्यावर बसून पूर्ण वाचला, शेवटची ओळ दोनदा वाचली. "लय उशीर केला वं पोरी," ते म्हणाले. मला रडू आलं, आणि मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. ते तसं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं, स्वतःच्या नावाच्या ओळीवरून बोट फिरवलं, माझ्याकडून पेन मागून घेतला आणि आजची तारीख टाकली. अकोला. काकाजी. तिसऱ्या रकान्यात थोडं थांबून, बारीक अक्षरात लिहिलं: 'पोरीले चहा पाजला.'

मग शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, उठले, आणि आत जाऊन स्टोव्हवर आधण ठेवलं.